बढती नको, खुर्ची द्या

बरकतपुऱ्यातल्या त्या इमारतीत त्रिवेणीबाई पहिल्या मजल्यावर कामाला बसल्या की तळमजल्यावरच्या झेरॉक्सवाल्याला घड्याळ बघावं लागत नसे. त्यांच्या बोटांचा आवाज जिन्यावरून उतरून थेट त्याच्या काउंटरपर्यंत यायचा. ऑफिसात आणखी चार पोरी टाइप करायच्या, पण त्यांचं टाइपिंग म्हणजे उंदराने पापड कुरतडावा तसं. त्रिवेणीबाईंचं ऐकलं की वाटावं, वर सुतार लागलाय. आणि बाईंना त्या आवाजाचा अभिमान होता. का नसावा? उगीच मिळालेला नव्हता तो.

त्यांचे वडील हिम्मतराव बिरादार. भालकीकडची जमीन भावांच्या हवाली करून अफझलगंजात दोरखंड-सुतळीचं दुकान टाकून बसलेला माणूस. घरात पोरींनी दहावी केली की पुढे काय, हा प्रश्नच कुणी विचारत नसे; पुढे लग्न. त्रिवेणीने तो न विचारलेला प्रश्न स्वतःच सोडवला. काचीगुडा स्टेशनसमोरच्या गल्लीत एक टाइपिंग इन्स्टिट्यूट होतं, तिथे जाऊन नाव घातलं आणि मग घरी सांगितलं. हिम्मतराव दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "जातेच आहेस तर पहिली ये." आली. सरकारी परीक्षेत पहिली आली, आणि तिथल्या मास्तरांनी तिला तिथेच शिकवायला ठेवून घेतलं.

ते मास्तर एक नंबरचे खडूस. एका कागदाखाली कार्बन घालून तीन-चार प्रती काढायचे दिवस होते ते. मास्तर वरची प्रत बघायचेच नाहीत. सगळ्यांत खालची उचलायची, उजेडाला धरायची, आणि तिच्यावर अक्षर नीट उठलेलं नसलं तर म्हणायचे, "हे टाइपिंग नव्हे, गुदगुल्या आहेत. मार." त्रिवेणीने मारायला शिकून घेतलं. मनगट वर, बोट उभं, आणि किल्लीवर असा घाव की खालच्या प्रतीवरचं अक्षर आंधळ्याने चाचपून वाचावं. लग्न झालं, नवरा शिवराज अफझलगंजातच एका ट्रान्सपोर्टच्या बुकिंग ऑफिसात होता, त्याने काही आडकाठी केली नाही, पोरं झाली, मोठी झाली, आणि त्रिवेणीबाई शिकवत राहिल्या. काचीगुड्यातले निम्मे कारकून त्यांच्या हाताखालून गेलेत. बँकेत गेलं की काउंटरमागून कुणीतरी उठून नमस्कार करायचं. बाई वरून "असू दे, असू दे" म्हणायच्या आणि आतून फुलायच्या.

मग ते नव्वदीचं दशक आलं. दिल्लीत कुणी कुठली दारं उघडली ते पेपरवाल्यांना ठाऊक. काचीगुड्यात एवढंच दिसलं की रंगीत टीव्हीच्या दुकानाशेजारी कॉम्प्युटर क्लासची पाटी लागली, तिच्याशेजारी दुसरी लागली, आणि इन्स्टिट्यूटच्या बाकांवर धूळ बसायला लागली. एके दिवशी टाइपरायटर भंगाराच्या हातगाडीवर चढले. मास्तर खुर्चीत बसून बघत होते. त्रिवेणीबाई मात्र त्या गाडीच्या मागेमागे चौकापर्यंत चालत गेल्या, आणि परत आल्या त्या सरळ कॉम्प्युटर क्लासच्या जिन्याने वर. चाळिशी उलटलेली बाई, डोळ्यांवर जवळचं-लांबचं दाखवणारा दुहेरी भिंगांचा चष्मा, शेजारी मिसरूड न फुटलेली पोरं. पोरं हसली. बाईंनी कीबोर्डवर हात ठेवला आणि एक परिच्छेद काढून दाखवला. मग हसली नाहीत.

अविनाश नावाच्या एका तरुणाचं ऑफिस त्याच सुमारास उघडलं आणि बाई तिथे लागल्या. काम मोठं गमतीचं. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याचं दुखणं फोनवर बोलून ठेवायचे. तो आवाज तारेवरून इथे बरकतपुऱ्यात यायचा. इथल्या पोरींनी कानाला हेडफोन लावायचा, शिलाई मशीनसारखं पेडल पायाने दाबून आवाज थांबवत-चालवत ऐकायचं आणि टाइप करून परत पाठवायचं. तिथला डॉक्टर झोपून उठेपर्यंत कागद तयार. पोरींना ते गोरे उच्चार कळता कळत नसत. त्रिवेणीबाई पहिल्या महिन्यात वैद्यकातले ते लांबलचक शब्द घोटून बसल्या. "कुणाच्या पित्ताशयात काय आहे ते मला विचारा," त्या शिवराजला सांगायच्या, "अख्ख्या टेक्सासची पोटं माझ्या बोटाखालून जातात." शिवराज म्हणायचा, "हौ, आणि माझ्या पोटाचं काय, जेवायला वाढ."

आता अविनाशचे वडील. प्रभाकरराव, पण सगळे नानाच म्हणत. यांच्या घराण्यात आजोबा-पणजोबांपासून सरकारी नोकरी. नानासुद्धा सचिवालयातून निवृत्त झालेले. बोलणं असं अदबीचं की शिवी दिली तरी समोरच्याने आदाब करावा. मुलाने ऑफिस काढलं तेव्हा कॉम्प्युटर मुलाने आणले आणि फर्निचर नानांनी. घोटाळा तिथेच झाला. ऑफिस म्हटलं की नानांच्या डोळ्यांसमोर कचेरी यायची, आणि कचेरीत खुर्ची ही बसायला नसते, दर्जा दाखवायला असते. म्हणून टाइप करणाऱ्यांना लोखंडी घडीच्या खुर्च्या. त्यांचं काम तपासणाऱ्यांना हात असलेल्या वेताच्या. अविनाशला फिरती, खाली-वर होणारी, पाठीला टेकू देणारी. आणि तशीच आणखी एक, कुणी मोठा पाहुणा आला तर म्हणून कोपऱ्यात ठेवलेली, अंगावरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेली. मोठा पाहुणा काही आला नव्हता. खुर्ची वाट बघत बसली होती.

कॉम्प्युटर मात्र उंचावर. लक्ष्मी ती, तिला खाली कसं ठेवायचं? उंच टेबल, त्यावर कॉम्प्युटरची आडवी पेटी, तिच्यावर पडद्याचा डबा. आणि समोर लोखंडी खुर्चीत, पाय जेमतेम जमिनीला टेकलेल्या, हनुवटी वर करून चष्म्याच्या खालच्या भिंगातून बघणाऱ्या त्रिवेणीबाई. दिवसभर देवळाचा कळस बघितल्यासारखी मान. पण कुणालाच त्यात काही वावगं दिसत नव्हतं. बाईंनासुद्धा नाही, खोटं कशाला बोला.

आधी मान धरली. मग खांदा. मग उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या, आणि त्या आल्या तशा परत जाईनात. बाईंनी कुणाला सांगितलं नाही. घरी भाकरी थापायच्या त्यांनी बंद केल्या आणि "हल्ली ज्वारी चांगली मिळत नाही" म्हणून चपात्या लाटायला बाई लावली. शिवराज भाकरीवर वाढलेला माणूस, त्याने मुकाट्याने चपाती खाल्ली. एकदा चहाचा कप हातातून सुटला, तेव्हा मात्र तो म्हणाला, "चल डॉक्टरकडे." हाडांच्या डॉक्टरांनी मनगट दाबून पाहिलं आणि सांगितलं, टाइपिंग बंद करा. किती दिवस? डॉक्टर म्हणाले, "दिवस नाही बाई, कायमचं." बाईंनी औषधाची चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या.

आणि मग ते शून्य पडलं. एका म्हाताऱ्या पेशंटच्या गोळीचा डोस लिहिताना बाईंच्या बधिर बोटाने शून्याची किल्ली दोनदा दाबली आणि बोटाला पत्ताच लागला नाही. तपासणीत ते सापडलं म्हणून बरं. अविनाश कागद घेऊन आला, पण ओरडला नाही, तो त्यातला मुलगा नव्हता. नुसतं ते शून्य दाखवलं. त्रिवेणीबाईंनी चष्मा पुसून तो आकडा पुन्हा वाचला. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाचं नाव चुकवलं नव्हतं, आणि हे तर औषध. तो म्हातारा कुठे बसला असेल, त्याची बायको त्याला गोळ्या काढून देत असेल, हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं आणि त्या दिवशी डबा तसाच परत गेला.

दोन दिवसांनी अविनाशने त्यांना बोलावलं. "बाई, तुम्ही आता टाइपिंग सोडा. तपासणीला बसा. बढती आहे ही. सगळ्यांचं काम तुमच्या नजरेखालून जाईल." रोज पेपर घेऊन ऑफिसात येऊन बसणारे नाना शेजारीच होते. ते म्हणाले, "मुबारक हो बाई. वेताची खुर्ची मिळेल. हात असलेली."

घरी सगळे खूश. शिवराज म्हणाला, "घेऊन टाक की. बसून दुसऱ्याच्या चुका काढायच्या, याच्यापेक्षा चांगलं काम कुठलं? घरात फुकट करतेसच." पण बाई हसल्या नाहीत. त्यांना दुसऱ्यांच्या चुका काढायच्या नव्हत्या. त्यांना टाइप करायचं होतं. वडिलांचा अबोला सोसून जे मिळवलं, भंगाराच्या गाडीमागे चौकापर्यंत जाऊनसुद्धा जे हातात शिल्लक ठेवलं, ते एका मनगटापायी सोडायचं? त्यांच्यापाशी मिरवायला दुसरं होतं काय? पलंगावर बसून त्या रडल्या, आणि शिवराजने पहिल्यांदाच चेष्टा केली नाही.

त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर ज्योती राहायची, एका मोठ्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. लोकांची आखडलेली हाडंकुडं व्यायामाने मोकळी करायची. तिला शिवराजनेच गाठलं. ती म्हणाली, "काकू, हात नंतर बघते. आधी तुम्ही बसता कुठे ते दाखवा." आणि शनिवारी खरंच ऑफिसात येऊन उभी राहिली.

बघितलं तिने सगळं. बाईंना नेहमीसारखं बसवलं, बाजूने बघितलं, मागून बघितलं, टेबलाखाली वाकून पाय बघितले. मग म्हणाली, "काकू, हात दुखतो यात नवल नाही. इतके दिवस दुखला नाही याचं नवल आहे." खुर्ची खाली आणि टेबल वर, म्हणून खांदे सगळा वेळ कानाशी आलेले. कोपर लोंबकळत, त्याला आधार नाही. पडदा इतका उंच की चष्म्याने वाचायला मान मोडावी लागते. पायांची नुसती टोकं टेकलेली. "कोपर किल्ल्यांच्या बरोबरीने आलं पाहिजे. पाठ टेकली पाहिजे. आणि अधूनमधून उठून हात मोकळे करायचे, खिडकीबाहेर लांब बघायचं." त्रिवेणीबाई मान डोलावत होत्या. आपली चूक नाही, खुर्चीची आहे, हे ऐकायला कुणाला आवडत नाही?

मग ज्योती म्हणाली, "आणि काकू, दुसरं. तुम्ही मारता फार. हा टाइपरायटर नाहीये. ह्याला नुसता स्पर्श पुरतो."

बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पोरी, काचीगुड्याला टाइपिंग मी शिकवलंय. तू हाडांचं बघ."

ज्योतीने वाद घातला नाही, पर्स उचलली आणि निघाली. शहाणी मुलगी.

सोमवारी त्रिवेणीबाई अविनाशच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या. शेजारच्या पोरींचे हात थांबले, त्यांतली सुजाता तर हेडफोन काढून ऐकायला लागली. "साहेब," बाई म्हणाल्या, "बढती नको. खुर्ची द्या." आणि कोपऱ्यातल्या प्लास्टिकवाल्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

अविनाशला कळेना हसावं की काय करावं. नानांनी मात्र पेपर खाली ठेवला. "बाई, तुमच्याबद्दल आम्हाला इज्जत आहे. पण जरा समजून घ्या. तपासणारा वेताच्या खुर्चीवर आणि टाइप करणारी साहेबाच्या खुर्चीवर? ऑफिसचा काही कायदा असतो की नाही? माझी निम्मी नोकरी गेली तेव्हा कुठे मला हाताची खुर्ची मिळाली."

"नाना," बाई म्हणाल्या, "तुम्ही त्या खुर्चीत बसून सह्या करत होता. सही करायला हात किती वेळ लागतो? आम्ही सकाळी हात ठेवतो तो संध्याकाळी उचलतो. ज्याचा हात चालतो त्याच्या हाताला आधार नको?"

नाना रागावले नाहीत, पण पटलंही नाही. बराच वेळ मिशी चोळून त्यांनी जुन्या अधिकाऱ्यासारखा तोडगा काढला. "दसऱ्यापर्यंत बसा. आजमावून बघा. हात बरा झाला तर खुर्ची तुमची. नाही झाला, तर खुर्ची कोपऱ्यात जाईल आणि तुम्ही मुकाट्याने तपासणीला. मंजूर?"

"मंजूर. पण एक," बाई म्हणाल्या. सुजाता मांडीवर मनगट चोळत बसलेली त्यांना दिसत होती. "माझा हात बरा झाला तर ह्या सगळ्या पोरींनाही तशा खुर्च्या."

नानांनी अविनाशकडे बघितलं. अविनाश म्हणाला, "मला चालेल." नाना म्हणाले, "ठीक. जबान दिली."

त्या दिवशी ऑफिसात काय गडबड. प्लास्टिक फाटलं. खुर्ची वर-खाली करून बाईंचं कोपर बरोबर किल्ल्यांच्या रेषेत आलं. पडद्याचा डबा पेटीवरून उतरवून सरळ टेबलावर ठेवला, पेटी शेजारच्या स्टुलावर गेली. खुर्ची वर गेली म्हणून पाय आणखीच लोंबायला लागले, तर शिवराजने ट्रान्सपोर्टमधल्या एका लाकडी खोक्याच्या फळ्या ठोकून उतरती चौकी करून आणली. तिच्यावर 'काच आहे, जपून' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं. बाईंनी एक पाय त्यावर ठेवला आणि दुसऱ्याने पेडल दाबलं. पोरी हसून बेजार. नाना लांबून बघत होते आणि मिशीत काहीतरी पुटपुटत होते.

आठवडाभरात मान सुटली. मग खांदा खाली आला. बाईंची चालच बदलली, बसमधून उतरताना ताठ उतरायच्या. पण मनगट? मनगट काही ऐकेना. मुंग्या तशाच. ठणका तसाच. आणि आता तर पंचाईत दुहेरी. स्वतःची जागा तर पणाला लागली होतीच, चार पोरींच्या खुर्च्याही त्यांनी आपल्या हाताला बांधून घेतल्या होत्या. सुजाता रोज सकाळी विचारायची, "अक्का, बरं आहे ना आता?" आणि बाई म्हणायच्या, "खूप." टेबलाखाली हात झटकायच्या.

नाना जेवणानंतर आपल्या खुर्चीत डुलकी काढायचे. बाईंनी काम सुरू केलं की दचकून उठायचे. "बाई," एकदा ते म्हणाले, "खुर्ची बदलली, पण मशीनवरचा राग गेला नाही वाटतं." ते वाक्य काट्यासारखं बाईंच्या आत राहिलं, कारण हेच ज्योतीनेही सांगितलं होतं.

रविवारी चपात्यावाली आली नाही. शिवराज म्हणाला, "मी डाळभात खाईन." बाईंना कसलातरी राग आला, स्वतःचाच असेल, आणि त्यांनी ज्वारीचं पीठ काढलं. पीठ मळून गोळा परातीत ठेवला आणि थापायला लागल्या. दुखेल म्हणून दात आवळून. भाकरी परातीत फिरत गेली, कड पातळ होत गेली, आणि अर्ध्यात त्यांच्या लक्षात आलं की हात दुखतच नाहीये. त्या थांबल्या. हाताकडे बघितलं. भाकरीला कुणी मारत नाही. मारली तर फाटते. नुसता हाताचा भार पडू द्यायचा, मनगट सैल, आणि कडेला बोटांची टोकं जेमतेम लागतील एवढंच. आईने शिकवलेला हात हा, तो कधी कुणी परीक्षेला बसवला नव्हता. दुसरा हात मास्तरांनी शिकवला होता, आणि बाई आजवर सगळीकडे तोच घेऊन गेल्या होत्या, जिथे कार्बन नव्हता तिथेही. किल्लीच्या खाली आता कुठली शेवटची प्रत होती, जिच्यावर अक्षर उठवायचं होतं?

भाकरी तव्यावर टाकून, हाताला पीठ तसंच, त्या वर ज्योतीकडे गेल्या. तो एक जिना त्यांना जड गेला. दार उघडल्यावर म्हणाल्या, "तू दुसरं काय सांगितलं होतंस ते परत सांग. आता ऐकते." खाली शिवराजने करपलेली भाकरी काढली आणि तीसुद्धा आवडीने खाल्ली.

ऐकणं सोपं, विसरणं महाकठीण. पंचवीसएक वर्षं ज्या घावावर नाव कमावलं तो घाव हातातून काढायचा म्हणजे काय चेष्टा आहे? पहिल्या दिवसांत अर्धी अक्षरं उमटायचीच नाहीत. वेग इतका पडला की अविनाशचा चेहरा लांब झाला. बाई लवकर येऊन, कुणी नसताना, पहिल्या धड्यातली तीच चार अक्षरं पुन्हा पुन्हा गिरवत बसायच्या, जी त्यांनी शेकडो पोरांकडून गिरवून घेतली होती. लाज वाटायची. मग लाजेचाही कंटाळा आला. डॉक्टर हळू बोलत असला की हात हलका राहायचा, आणि एखादा भरभर बोलणारा आला की जुना सुतार परत हजर. तेव्हा बाईंनी एक खूण ठरवली. नानांची डुलकी. नाना दचकले की समजायचं, आपण मारलं. हात उचलायचा, खिडकीबाहेर बघायचं, खांदे सोडायचे, आणि पुन्हा सुरू. सुजाताला वाटायचं, अक्का नानांना घाबरायला लागल्या. घाबरतात कसल्या, म्हाताऱ्यालाच त्यांनी मास्तर करून टाकला होता आणि त्याला बिचाऱ्याला खबरही नव्हती.

नाना दिवसातून दोनदा दचकायचे, मग एकदा. वेग परत येऊ लागला. एके सकाळी बाईंना जाग आली तेव्हा बोटांत मुंग्या नव्हत्या. त्यांनी शिवराजला उठवून सांगितलं. तो "हौ" म्हणून परत झोपला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कामाचा ढीग होता. सुट्टी येणार म्हणून अविनाशने आधीच सगळं मागवून घेतलं होतं. जेवणं झाली. नाना डुलकीला लागले. पंखा फिरत होता, पोरींच्या किल्ल्या कुरकुरत होत्या, आणि बाईंच्या कानात कुठलातरी डॉक्टर रेल्वे सुटल्यासारखा एका दमात बोलत होता. बाई टाइप करत होत्या.

नाना उठले ते थेट चहाच्या वेळेला. इतका वेळ ते कधी झोपले नव्हते. गडबडून त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "अविनाश, आज काम बंद आहे का? वीज गेली होती?"

"नाही नाना," अविनाश म्हणाला, "का?"

"त्रिवेणीबाईंचा आवाज नाही आला."

अविनाश हसला. "बाईंच्या फायली आज सगळ्यांत जास्त झाल्यात. आणि तपासणीत एकही चूक नाही. मी दोनदा बघितलं."

नानांचा विश्वास बसेना. ते खुर्चीतून उठले, हळूहळू चालत बाईंच्या मागे येऊन उभे राहिले. बाईंना चाहूल लागली. साहेब मागे उभा राहिला की टाइपिस्टने उठायचं, ही तर हाडात भिनलेली सवय. त्या हेडफोन काढून उठायला लागल्या.

"नको," नाना म्हणाले. "तशरीफ ठेवा. बसा, बसा. तकलीफ आहे अजून?"

"नाही नाना. गेली."

"बिल्कुल?"

बाईंनी हात वर धरला आणि मनगट फिरवून दाखवलं. उगीच गोड बोलावं म्हणून नव्हे. खरंच गेली होती. सुजाताने आपलं काम थांबवून टाळी वाजवली आणि मग जीभ चावली. नानांनी तिच्याकडे बघितलं, तिच्या लोखंडी खुर्चीकडे बघितलं, आणि एकेक करून बाकीच्या तिघींच्या खुर्च्यांकडेही. "अविनाश," ते म्हणाले, "दसऱ्यानंतर खुर्च्यांचं बघ. चारही. आपण जबान दिली आहे."

"हो नाना."

"आणि बाई," नाना म्हणाले, "पुन्हा लावा ते कानाला. मला बघायचंय, आवाज न करता कसं होतं ते."

त्रिवेणीबाईंच्या डोळ्यांपुढचा पडदा क्षणभर धूसर झाला. आज हिम्मतराव असते तर, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी हेडफोन चढवला, पाठ टेकली, पेडल दाबलं. डॉक्टर जिथे थांबला होता तिथून पुढे बोलायला लागला आणि बाईंची बोटं त्याच्यामागून निघाली. सगळा जन्म खुर्ची बघून माणूस ओळखणारे प्रभाकरराव हात मागे बांधून उभे होते, फाईल संपेपर्यंत उभेच राहिले, आणि त्रिवेणीबाई बसून होत्या.